पायांवरचे ओझे

राखी पौर्णिमेला माहूरला परिक्रमेची यात्रा भरते. श्रावणातले दिवस, वर पावसाची झड, खाली चिखल, आणि रेणुकामाता, दत्तशिखर, अनसूयामाता अशा डोंगरांना वळसा घालत चाललेली माणसांची लांबच लांब रांग. त्यांतली कितीतरी माणसे अनवाणी असतात. माझे आजोळ माहूरचे. लहानपणी आजीचे बोट धरून मी या वाटेने गेलो आहे. आजीच्या टाचांना भेगा होत्या, पण तिच्या पायाला फोड आलेला मी कधी पाहिला नाही. फोड यायचे ते मला, कारण माझ्या पायांत शाळेचे कॅनव्हासचे पांढरे बूट असायचे, आणि ते पहिल्याच ओढ्यात भिजायचे.

हे सगळे आठवायला कारण घडले गेल्या वर्षी. माहूर तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान दिनानिमित्त बोलायला गेलो होतो. कार्यक्रम संपल्यावर विज्ञानाच्या बाई बारावीतल्या एका मुलाला घेऊन आल्या. मुलगा काटक, वजन फार तर पन्नास किलो. त्याला सिंहगड, राजगड आणि तोरणा या गडांवरून होणाऱ्या पन्नास किलोमीटरच्या शर्यतीत धावायचे होते. मॅरेथॉनच्या ४२.१९५ किलोमीटरपेक्षा जास्त अंतराच्या शर्यतीला अल्ट्रामॅरेथॉन म्हणतात, आणि आपल्याकडच्या डोंगरांतही आता अशा शर्यती होतात. मुलाने मोबाइलवर पाहून सामानाची यादी केली होती : डोंगरात धावायचे खास बूट, पाणी प्यायच्या नळीची पाठपिशवी, वाऱ्याचे जॅकेट, मोजे, काठ्या, कपाळाला लावायचा दिवा, परदेशी साखरेच्या पुड्या. बेरीज पंचवीस हजारांच्या पुढे गेली होती. वडील शेळ्या विकायला तयार होते. बाईंचा प्रश्न सरळ होता. ‘‘सर, यातलं खरंच काय लागतं? विज्ञान काय म्हणतं?’’

तेव्हा मी अर्ध्या तासात जमेल तेवढे सांगितले. पण परत येताना गाडीत वाटत राहिले, की या प्रश्नाला विज्ञानाइतकाच इतिहासही उत्तर देतो. डोंगरात लांब पल्ला गाठणे हे काही आजचे वेड नव्हे. फरक इतकाच, की पूर्वी ते पोटासाठी किंवा जीव वाचवण्यासाठी असे.

सुरुवात मराठवाड्यापासूनच करू. सन १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाने आपली राजधानी दौलताबादला हलवली, हे आपण इतिहासात शिकवतो आणि त्याच्या लहरीपणावर एक टीपही लिहून घेतो. त्यानंतर काही वर्षांनी भारतात आलेल्या इब्न बतूता या मोरोक्कोच्या प्रवाशाने त्या काळच्या टपालाचे वर्णन केले आहे. घोड्यांचे टपाल होते आणि पायी धावणाऱ्यांचेही होते. पायी टपालासाठी एका मैलात तीन ठाणी असत. प्रत्येक ठाण्यावर कंबर कसून तयार बसलेली माणसे. धावणाऱ्याच्या एका हातात पत्र, दुसऱ्या हातात दोन हात लांबीची काठी आणि काठीच्या टोकाला तांब्याच्या घंटा. घंटांचा आवाज आला की पुढचा गडी उठून उभा राही, पत्र घेई आणि जिवाच्या आकांताने पुढच्या ठाण्याकडे पळत सुटे. इब्न बतूता सांगतो, की हे टपाल घोड्यांच्या टपालापेक्षा वेगवान होते. सुलतान दौलताबादेत असताना त्याच्यासाठी गंगेचे पाणीसुद्धा असेच आणले जाई.

माणूस घोड्याला मागे टाकतो, ते कसे? तेव्हाच्या मैलाचे माप वेगळे होते, तरी एक टप्पा ढोबळमानाने अर्धा ते पाऊण किलोमीटरचा धरू. एवढे अंतर माणूस फार वेगाने धावू शकतो. आठशे मीटरच्या जागतिक विक्रमाचा वेग ताशी साधारण साडेअठ्ठावीस किलोमीटर पडतो. शंभर किलोमीटर धावणारे जगातले सर्वोत्तम धावपटू सहा तासांच्या आसपास वेळ घेतात, म्हणजे ताशी साडेसोळा. अंतर वाढते तसा वेग उतरतो, कारण स्नायूंना लागणारी ऊर्जा ऑक्सिजनच्या पुरवठ्याच्या मर्यादेत राहून मिळवावी लागते. टप्पे पाडले की प्रत्येक गडी ताज्या दमाचा. तुघलकाच्या कारभाऱ्यांनी हे शरीरशास्त्र न शिकताच ओळखले होते. आणखी एक गोष्ट त्यांनी ओळखली होती. धावणाऱ्याच्या हातात पत्र आणि काठी, एवढेच. बाकी काही नाही.

ओझ्याची ही गोष्ट माहूरच्या इतिहासात एकदा फार ठळकपणे आली आहे. माहूरच्या राजे उदाराम देशमुखांच्या घराण्यातल्या सावित्रीबाई या मोगलांच्या बाजूने लढणाऱ्या नामांकित सरदार होत्या. ‘रायबागन’ म्हणजे राजवाघीण हा त्यांचा किताब. सन १६६१ मध्ये शाहिस्तेखानाने कारतलबखानाला कोकणात पाठवले, तेव्हा रायबागन त्या फौजेत होत्या. लोणावळ्याजवळच्या कुरवंडे घाटातून ही फौज आपले सगळे सामानसुमान घेऊन खाली उतरली आणि उंबरखिंडीच्या अरुंद, झाडीने भरलेल्या वाटेत शिरली. २ फेब्रुवारीला शिवाजी महाराजांच्या माणसांनी दोन्ही तोंडे बंद केली. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ या संस्कृत ग्रंथात या प्रसंगाचे वर्णन आहे. त्यात रायबागन खानाला सुनावतात, की या रानात शिरलात हीच चूक झाली, आता शरण जाण्यात शहाणपण आहे. खान शरण गेला, सामान तिथेच टाकले आणि फौजेला वाट मिळाली. माहूरच्या डोंगर-जंगलात राहिलेल्या बाईला ही वाट कसली आहे हे खानापेक्षा आधी कळले असणार, असे मला नेहमी वाटते. असो, हा माझा आजोळचा अभिमान समजा.

आता या प्रसंगाकडे भौतिकशास्त्राच्या तासाला पाहू. पन्नास किलो वजनाचा मुलगा एक हजार मीटर उंच चढतो. वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची : ५० × ९.८ × १००० = ४,९०,००० जूल, म्हणजे सुमारे ११७ किलोकॅलरी. स्नायूंची कार्यक्षमता साधारण पंचवीस टक्के, म्हणून शरीराला प्रत्यक्षात ४७० किलोकॅलरीच्या आसपास खर्च येतो. सपाटीवर धावताना दर किलो वजनामागे दर किलोमीटरला सुमारे एक किलोकॅलरी लागते, म्हणजे या मुलाला किलोमीटरमागे पन्नास. तेव्हा हजार मीटर चढणे म्हणजे सपाटीवर नऊ-साडेनऊ किलोमीटर धावण्यासारखे झाले. गंमत अशी, की विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली केवळ अनुभवावरून एक नियम दिला होता. दर तीन मैलांना एक तास धरा आणि दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास मिळवा. मेट्रिकमध्ये मांडून पाहा : हजार मीटर चढ बरोबर सुमारे आठ किलोमीटर सपाटी. जूल-कॅलरीचा हिशेब आणि एका डोंगरवेड्याचे घड्याळ इतके जवळ येतात. विद्यार्थ्यांना आधी नेस्मिथचा नियम सांगावा आणि मग गणित करू द्यावे. उलट क्रमाने केले तर मजा जाते.

उतार मात्र या गणितात बसत नाही. उतरताना ऊर्जा कमी लागते, पण मांडीचे पुढचे स्नायू शरीराला रोखून धरत लांब होत जातात. आखडणाऱ्या स्नायूपेक्षा असा ताणला जात काम करणारा स्नायू जास्त दुखावतो. दत्तशिखर चढून आलेल्या माणसाचे पाय दुसऱ्या दिवशी दुखतात ते बहुधा चढण्याने नव्हे, उतरण्याने. याला उपाय एकच : पुन्हा उतरणे. एकदा दुखावलेले स्नायू काही दिवसांनी तेवढ्याच उतारावर फारसे दुखत नाहीत आणि हे संरक्षण काही आठवडे टिकते. त्या मुलाला मी सांगितले, की तुझी तयारी सपाट डांबरी रस्त्यावर करू नकोस. गड चढून, विशेषतः उतरून कर. त्याच्या दाराशी डोंगर आहे. पुण्या-मुंबईच्या धावपटूंना त्यासाठी शनिवार-रविवारी गाडी काढावी लागते.

मग ओझे. अमेरिकी लष्कराच्या एका प्रयोगशाळेत १९६९ साली मोजून पाहिले गेले, की वजन शरीरावर कुठे वाहिले तर किती श्रम पडतात. डोक्यावर किंवा धडाजवळ वाहिलेले वजन शरीराच्या स्वतःच्या वजनापेक्षा थोडेच जास्त जड पडते. पायांना बांधलेले तेच वजन चार ते सहा पट जड पडते. कारण उघड आहे. धड संथपणे पुढे सरकते, पण पाऊल प्रत्येक पावलागणिक थांबते, उचलले जाते, वेग घेते आणि पुन्हा थांबते. पुढे १९८० च्या दशकातल्या प्रयोगांत दिसले, की प्रत्येक बुटात शंभर ग्रॅम वाढले की धावण्याचा खर्च सुमारे एक टक्क्याने वाढतो. एक टक्का म्हणजे काहीच नाही असे वाटेल. पण पन्नास किलोमीटरचा एक टक्का अर्धा किलोमीटर होतो.

पावनखिंडीचा प्रसंग इथे आठवल्याशिवाय राहत नाही. जुलै १६६० मध्ये, भर पावसात, पन्हाळ्याच्या वेढ्यातून निघून विशाळगड गाठला गेला. आजच्या वाटेने हे अंतर सुमारे ६० किलोमीटर भरते. एक रात्र आणि दुसऱ्या दिवसाचा बराच भाग, म्हणजे वीस तास धरले, तर सरासरी ताशी तीन किलोमीटर. हा आकडा ऐकून वर्गातली मुले निराश होतात. त्यांना वाटते, एवढाच वेग? मग त्यांना विचारावे, की खांद्यावर पालखी, पायाखाली चिखल, मागे सिद्दीचे सैन्य आणि वाटेत बाजीप्रभूंची लढाई, यांत ताशी तीन किलोमीटर कमी आहे का? आजही पावसाळ्यात ही वाट चालणारे तरुण बहुधा दोन दिवस घेतात.

आतापर्यंत बुटांचा विषय मी मुद्दामच लांबवला. त्यासाठी १९१९ सालच्या पुण्यात जावे लागेल. डेक्कन जिमखान्याचे क्रीडासामने चालू होते आणि सर दोराबजी टाटा अध्यक्ष होते. त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे, की लांबच्या शर्यतींत उतरलेले बरेचसे धावपटू शेतकरी वर्गातले होते. ते अनवाणी धावत, शर्यतीचे नियम त्यांना नीट ठाऊक नव्हते, पण त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या तोडीच्या होत्या. दोराबजींनी मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांच्याकडे शब्द टाकला, पैसा उभा केला, आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला सहा जणांचा भारतीय संघ गेला. त्यात मॅरेथॉनसाठी बेळगावचे फडेप्पा दारेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार होते. कुस्तीसाठी रणधीर शिंदे होते, आणि त्यांनी चौथा क्रमांक मिळवला.

अँटवर्पची मॅरेथॉन नेहमीपेक्षा लांब होती, ४२.७५ किलोमीटर. ऑलिंपिकच्या इतिहासातली ती सर्वांत लांब मॅरेथॉन. २२ ऑगस्टला, थंड पावसात ती झाली. फिनलंडचा हान्नेस कोलेहमाइनेन २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत पहिला आला. दातारांना शर्यत पूर्ण करता आली नाही. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंदांत एकोणिसावे आले. भागाकार करून पाहा. चौगुल्यांनी दर किलोमीटरला जवळजवळ बरोबर चार मिनिटे घेतली, कोलेहमाइनेनने तीन मिनिटे चौतीस सेकंद. शाळेच्या मैदानावर चारशे मीटरची फेरी आखलेली असेल, तर एखाद्या चपळ मुलाला ती ९६ सेकंदांत धावायला सांगावी. बहुतेक मुले ती धावतील. मग सांगावे, की अशा एकशे सहा फेऱ्या आणि वर थोडे, न थांबता.

मला या प्रसंगातले सर्वांत मोलाचे वाटते ते दोराबजींचे निरीक्षण. ‘बूट नाहीत म्हणून ही माणसे मागासलेली’ असे न म्हणता त्यांनी हातातल्या घड्याळाकडे पाहिले.

मग अनवाणी पाय चांगले की बूट? चाळीस वर्षांनी, १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये, इथिओपियाच्या अबेबे बिकिलाने अनवाणी धावून २ तास १५ मिनिटे १६.२ सेकंदांत मॅरेथॉन जिंकली. तिथे मिळालेले बूट त्याला नीट बसेनात, आणि अनवाणी धावायची सवय होतीच. गोष्ट इथेच थांबवली तर निष्कर्ष सोपा आहे. पण १९६४ साली टोकियोत हाच बिकिला बूट घालून धावला आणि २ तास १२ मिनिटे ११.२ सेकंदांत पुन्हा जिंकला. तीन मिनिटांनी वेगवान! याही वेळेवरून बुटांचा विजय जाहीर करता येत नाही, कारण चार वर्षांत रस्ता, हवा आणि तयारी सगळेच बदललेले होते. एका वेळी एकच गोष्ट बदलली पाहिजे, हे प्रयोगाचे पहिले सूत्र मुलांना समजावायला याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही. आपल्याकडे शिवनाथ सिंग १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये अनवाणी धावून अकरावे आले. १९७८ साली त्यांनी जालंधरला नोंदवलेला २ तास १२ मिनिटांचा राष्ट्रीय विक्रम चार दशकांहून अधिक काळ टिकला.

डोंगरातले उदाहरण मेक्सिकोचे आहे. तिथल्या दऱ्याखोऱ्यांत राहणारे रारामुरी लोक लांब पल्ल्याच्या धावण्यासाठी प्रसिद्ध आहेत. १९९३ साली त्यांच्यातला व्हिक्टोरियानो चुर्रो हा पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ अमेरिकेतल्या लेडव्हिलची शंभर मैलांची डोंगरी शर्यत जिंकला. पायांत टायर कापून केलेल्या पट्ट्यांच्या चपला. मिळालेले बूट त्यांना मानवले नव्हते. टायरच्या चपला मराठवाड्यात कोणाला नव्या नाहीत. आठवडी बाजारात त्या अजूनही कुठे कुठे मिळतात.

हार्वर्ड विद्यापीठाच्या डॅनियल लीबरमन यांनी २०१० साली दाखवले, की लहानपणापासून अनवाणी धावणारी केनियातली मुले बहुतेक वेळा चवड्यावर उतरतात, टाचेवर नव्हे. त्यामुळे पाऊल पडताना गुडघ्याकडे जाणारा पहिला झटका जवळजवळ नाहीसा होतो. हे वाचून जगभर लोकांनी बूट फेकले. तीनच वर्षांनी केनियातल्याच दुसऱ्या एका अनवाणी जमातीचा अभ्यास आला. हे लोक सावकाश धावताना बहुधा टाचेवरच उतरत होते. म्हणजे वेग, जमीन आणि सवय यांवर सारे अवलंबून आहे. शिवाय जाड बुटांतून एकदम पातळ तळव्यांकडे गेलेल्या धावपटूंच्या पायांच्या हाडांत, दहा आठवड्यांच्या आत, सूज आढळलेली आहे. आजीचे पाय साठ वर्षांत तयार झाले होते. नातवाने ते एका उन्हाळ्यात मागू नयेत. आणि नातवाच्या पायांना डोंगरात बूट हवे असतील, तर त्यात शरमेचे काही नाही. काटे, काचा आणि धारदार खडी यांना शरीरशास्त्र कळत नाही.

बूट घ्यायचे तर त्यात पाहायचे काय? रंग आणि नाव सोडून पहिली गोष्ट तळवा. त्याचाही इतिहास आहे, आणि तो दुःखाचा आहे. १९३५ साली इटालियन आल्प्समध्ये पुंता रासिका या शिखरावर गेलेले सहा गिर्यारोहक वादळात सापडून मेले. कडा चढण्यासाठी त्यांनी खिळ्यांचे जड बूट खाली ठेवून पातळ तळव्यांची हलकी पादत्राणे घातली होती. बर्फ पडल्यावर ती निरुपयोगी ठरली. त्यांचा सोबती व्हिताले ब्रामानी वाचला. खिळ्यांसारखी पकड देणारा, पण कड्यावरही चालेल असा तळवा हवा, या विचाराने त्याने १९३७ साली टायरच्या कंपनीच्या मदतीने खोल खाचांचा रबरी तळवा तयार केला. आजच्या डोंगरी बुटांचे तळवे त्याचेच वंशज आहेत.

ओल्या खडकावर पकड मिळते ती रबराच्या मऊपणामुळे. मऊ रबर खडकाच्या बारीक खडबडीत दबून बसते. चिखलात मात्र मऊपणाचा उपयोग नाही. तिथे रबराची बोंडे मातीत रुतावी लागतात, आणि दोन बोंडांमध्ये एवढी जागा हवी, की पाऊल उचलताच माती गळून पडेल. सह्याद्रीतल्या लाल मातीला हे लागू पडते. आपली काळी माती ही वेगळीच चीज आहे. तिच्यातली चिकणमाती पाणी धरून फुगते आणि खाचांत अशी बसते, की चार पावलांत बुटाचा तळवा सपाट होतो, वर वजन वाढते ते निराळेच. प्रयोग सोपा आहे. पावसानंतर शेतातून शंभर पावले चालावे आणि बूट आधी व नंतर तोलावेत. वाढ शंभर ग्रॅमांच्या किती पट आहे ते पाहावे. दुकानात तळहातावर तोलून हलका म्हणून घेतलेला महागडा बूट मृगाच्या पावसात किती हलका उरतो, हे मुलांनी स्वतः पाहिलेले बरे.

दुसरी गोष्ट माप. पहिल्या डोंगरी शर्यतीला मी अगदी बरोब्बर मापाचे, नवे कोरे बूट घालून गेलो होतो. उतारावर प्रत्येक पावलाला बोटे पुढच्या बाजूवर आपटत होती. खाली आलो तेव्हा दोन्ही अंगठ्यांची नखे काळी पडली होती, आणि महिन्याभरात गळून गेली. दुकानदाराचा दोष नव्हता, माप मीच सकाळी घेतले होते. दिवसभर उभे राहून पाय किंचित वाढतात. म्हणून बूट संध्याकाळी, धावताना घालायचे तेच मोजे घालून घ्यावेत, आणि बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा ठेवावी. मोजे सुती नकोत. सूत पाणी धरून ठेवते, ओलसर कातडीचे घर्षण वाढते, आणि फोड येतात. माझे लहानपणीचे फोड त्याचे होते.

आता मुलाच्या यादीतली जी वस्तू मला सर्वांत अनावश्यक वाटली होती, तिच्याबद्दल मीच चुकलो होतो. ती म्हणजे वाऱ्याचे जॅकेट. २२ मे २०२१ रोजी चीनच्या कान्सू प्रांतात शंभर किलोमीटरची डोंगरी शर्यत झाली. १७२ जण निघाले. दुपारच्या सुमारास उंच भागात गार पाऊस, गारा आणि सोसाट्याचा वारा सुरू झाला. बहुतेकांच्या अंगात अर्ध्या चड्ड्या आणि पातळ सदरे. त्यांतले २१ जण गारठून मेले, आणि त्यांत नामांकित धावपटूही होते. काहीजण वाचले, कारण एका मेंढपाळाने त्यांना आपल्या आसऱ्याच्या गुहेत नेऊन शेकोटीजवळ बसवले. धावत असेपर्यंत शरीर उष्णता निर्माण करते. दमून वेग उतरला की निर्मिती घटते, पण ओल्या अंगावरचा वारा उष्णता नेतच राहतो. दोन-अडीचशे ग्रॅमचे जॅकेट त्या क्षणासाठी असते. आमच्याकडचा धनगर उन्हाळ्यातही घोंगडी सोडत नाही. लोकर भिजली तरी काही ऊब धरून ठेवते, हे त्याला कुणी शिकवलेले नाही. तोरण्यावर पावसाळी ढग अंगावर आला म्हणजे किती गारठते, ते तिथे गेलेल्यांना विचारा.

मराठवाड्यात मात्र मोठे भय उन्हाचे. जून २०१४ मध्ये मुंबईतल्या पोलीस भरतीत पाच किलोमीटर धावताना काही तरुण उमेदवारांचा मृत्यू झाला. त्यानंतर अंतर आधी तीन किलोमीटर केले गेले आणि पुढे पुरुषांसाठी सोळाशे मीटर. नांदेड-लातूरकडच्या कुठल्याही रस्त्यावर पहाटे पाहा, भरतीसाठी धावणारी मुले-मुली दिसतील. म्हणून हा हिशेब शिक्षकांनी जरूर मांडावा. साठ किलोचा तरुण ताशी दहा किलोमीटर धावला, तर तासाला सुमारे सहाशे किलोकॅलरी खर्च होतात. त्यांतल्या पाऊण हिश्श्याहून अधिक, म्हणजे ४५० ते ४८०, उष्णता होऊन शरीरात साचू पाहतात. एक ग्रॅम घाम वाळताना ०.५८ किलोकॅलरी घेऊन जातो. म्हणजे तासाला पाऊण लिटरच्या वर घाम नुसता येऊन नव्हे, वाळून गेला पाहिजे. घाम वाळू दिला नाही तर काय होते? १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो मॅरेथॉन धावताना कोसळला आणि मरण पावला. उन्हापासून बचाव म्हणून त्याने अंगाला मेण चोपडले होते, असे सांगितले जाते. आपल्याकडे वजन लवकर उतरावे म्हणून प्लॅस्टिकचा कोट घालून धावणारी मुले मी स्वतः पाहिली आहेत. ती हाच प्रयोग पुन्हा करत असतात.

उन्हाची सवय होते, पण वेळ घेऊन. दक्षिण आफ्रिकेतल्या खोल, उष्ण सोन्याच्या खाणींत नवे मजूर उष्माघाताने मरत, म्हणून सिरिल विंडहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास याचा बारकाईने अभ्यास केला. रोज थोडे थोडे काम वाढवत नेले, की दहा ते चौदा दिवसांत घाम लवकर आणि जास्त सुटू लागतो, त्यातले मीठ कमी होते, आणि रक्तातला द्रवभाग वाढल्याने हृदयाची धडधड उतरते. वसतिगृहात पंख्याखाली महिनाभर अभ्यास करून थेट उन्हात चाचणीला उभा राहिलेला मुलगा या सवयीपासून वंचित असतो.

आणि पाणी? जितके जास्त तितके बरे, असे मीही पूर्वी सांगत असे. त्याच दक्षिण आफ्रिकेत १९२१ पासून कॉम्रेड्स ही सुमारे नव्वद किलोमीटरची शर्यत होते. तिथले डॉक्टर टिम नोक्स यांनी १९८५ साली दाखवून दिले, की काही धावपटू तहानेने नव्हे, तर गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायल्याने बेशुद्ध पडत होते. रक्तातला सोडियम पातळ होऊन मेंदूला सूज येत होती. तेव्हा तहान लागेल तसे प्यावे, आणि लांब पल्ल्यात पाण्याबरोबर मीठ-साखर असावी. साखरेबरोबर सोडियम आतड्यातून चटकन शोषला जातो. याच तत्त्वावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीच्या हजारो रुग्णांना मीठ-साखरेचे पाणी पाजून वाचवले. परदेशी पुड्यांच्या जागी त्या मुलाच्या यादीत मी लिंबू, मीठ, गूळ आणि भाजलेले शेंगदाणे लिहिले.

काठ्या आणि नळीची पिशवी यादीतून गेली. दिवा, मोजे आणि जॅकेट राहिले. बूट मधल्या किमतीचे, एक माप मोठे. शेळ्यांपैकी एक विकली गेली, बाकीच्या राहिल्या.

राखी पौर्णिमेनंतर बाईंचे पत्र आले. मुलगा परिक्रमेच्या वाटेवर नवे बूट घालून निघाला होता. वाटेत काळ्या मातीचे शेत लागले, तिथे त्याने बूट काढून गळ्यात अडकवले आणि पुढे खडकाळ चढ लागल्यावर पुन्हा घातले. निघण्याआधी आणि शेतातल्या पहिल्या पन्नास पावलांनंतर त्याने उजवा बूट वाटेवरच्या किराणा दुकानातल्या काट्यावर तोलून घेतला होता. फरक पाव किलोच्या वर भरला. दुकानदार माती सांडली म्हणून ओरडला, पण आकडा त्यानेच वहीत लिहून दिला. सोलच्या खाचांना एरंडेल चोळले तर माती कमी चिकटेल का, असा मुलाचा पुढचा प्रश्न आहे. डावा बूट कोरडा आणि उजवा तेलाचा, अशी त्याने तुलना ठरवली आहे. मी उत्तरात एवढेच लिहिले, की परत येताना तेल डाव्याला लाव आणि उजवा कोरडा ठेव.